बोअरआधी नारळ : श्रद्धा गरिबीची, अडाणीपणाची की बेभरवशाची?

कोरडवाहू
परवा घरात वाद झाला. मामांचं म्हणणं, माणूस शिकला की देवदेव सुटतं आणि पोट भरलं की नवस थांबतात. मला ते पटत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही बोअर मारला. आमचं रान जत तालुक्यात, सगळं पावसावर. जमिनीखालचं पाणी दाखवणारा पाणाड्या बोलावला. तळहातावर नारळ आडवा धरून तो अनवाणी रानभर फिरला आणि एका जागी नारळ उभा राहिला. माझा धाकटा भाऊ सोबत होता, पुण्यात सिव्हिल इंजिनिअर आहे. नारळ उठला तसे त्याने कोणी न सांगता बूट काढले. त्या जागी साडेचारशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा निघाला. त्याच पाणाड्याने दाखवलेल्या दुसऱ्या जागी दीड इंच पाणी लागलं. आता आई म्हणते, त्याच्या हाताला गुण आहे.

भाऊ अडाणी नाही, गरीबही नाही. पण दोघांचे पैसे जमिनीत जाणार होते आणि खाली काय आहे ते कुणाला दिसत नव्हतं. मालिनोव्स्की नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी ट्रोब्रिअँड बेटांवर हेच पाहिलं होतं. तिथले लोक किनाऱ्याजवळच्या उथळ, शांत पाण्यात मासे धरताना मंत्रतंत्र करत नसत. खुल्या समुद्रात जायचं असलं की करत. माणसं तीच, शिक्षण तेच. फरक जिवाच्या धोक्याचा.

आणि २१ सप्टेंबर १९९५ ला गणपतीला दूध पाजायला रांगा लागल्या, त्या काही फक्त खेड्यात नव्हत्या. मुंबई-दिल्लीपासून लंडनपर्यंत लोक चमचा घेऊन उभे होते. २००१ च्या जनगणनेत देशात सगळ्यात साक्षर समाज जैन, ९४.१ टक्के. त्यांचे उपवास-तपं कमी झाली का?

खडूफळा
दादा, तुमचं रान मला दिसतंय, पण तुम्ही सगळ्या श्रद्धा एकाच पोत्यात भरताय. भावाला तो नारळ फार तर दोन-चार दिवसांच्या हळहळीला पडला. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना श्रद्धा फार महाग पडते.

मी बावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चौथीतली एक मुलगी मान एका बाजूला टाकून बसायची. डोक्यात जट. देवीची आहे, कापली तर घरावर कोप होईल, म्हणून आई हात लावू देईना. खाली बसून लिहायला लागली की जटेच्या ओझ्याने डोकं वहीवर यायचं. आईला समजवायला सहा महिने गेले. विंचरणं थांबतं, घाम-धूळ-तेल साचतं, केस गुंततात, यात देवी कुठे आली, हे मी तिच्यासमोर माझेच केस न विंचरता आठ दिवस ठेवून दाखवलं. शेवटी आरोग्य शिबिरात जट कापली. खाली टाळूला जखम होती. दुसऱ्या दिवशी पोरगी सरळ मानेने वर्गात आली.

हे शिक्षणानेच झालं. शिकवून काही होत नसतं तर दाभोलकरांना कोणी मारलं नसतं. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला आणि वर्षानुवर्षं अडकलेला जादूटोणाविरोधी कायदा त्याच डिसेंबरात झाला.

उपकेंद्र
मी आरोग्य खात्यात. त्या कायद्यात साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालणं गुन्हा आहे, आणि ते हवंच. पण ताई, माणूस भगताकडे का जातो? भगत वाडीत आहे आणि प्रतिविषाची लस तालुक्याला, म्हणून. आमच्या भागात १०८ ची गाडी वेळेवर यायला लागल्यापासून लोक आधी आमच्याकडे येतात. बरे होऊन घरी गेले की अंगारा लावतात. श्रद्धा गेली नाही, क्रम बदलला, आणि सापाच्या बाबतीत क्रमावरच जीव आहे. तो बदलायला कुणाला दहावी करावी लागली नाही.

साता समुद्रापार
उपकेंद्र यांच्याशी सहमत. मी अमेरिकेत आहे. इथे श्रीमंती आणि विद्यापीठं दोन्ही भरपूर, तरी चर्चला जाणारे पश्चिम युरोपपेक्षा पुष्कळ जास्त. नॉरिस आणि इंगलहार्ट या अभ्यासकांनी २००४ मध्ये मांडलं की धर्माची ओढ उत्पन्नापेक्षा असुरक्षिततेशी बांधलेली असते. इथे अनेकांचा आरोग्यविमा नोकरीला जोडलेला असतो. शेजाऱ्याची नोकरी गेली तेव्हा पहिल्या आठवड्यात घरी जेवणाचे डबे आले ते चर्चमधून.

माळकरी
तुम्ही सगळे श्रद्धेचं कारण शोधताय, जसं तापाचं शोधतात. गरिबी, भीती, असुरक्षितता. माझे वडील दुसरी शिकलेले. पेरणी उरकली की दिंडीत. विठ्ठलाकडे त्यांनी आयुष्यात काही मागितलं नाही. हरिपाठ तोंडपाठ होता आणि पंढरपुरात कळस दिसला की लहान पोरासारखे रडायचे. कुठल्या भीतीचं हे रडणं?

गाडगेबाबांना लिहितावाचता येत नव्हतं. तेच कीर्तनातून सांगत होते, बकरं कापू नका, कर्ज काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला. आणि बाबासाहेबांएवढं शिकलेला माणूस धर्म सोडून बसला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी धम्म स्वीकारला. बौद्ध समाजाची साक्षरता २००१ ला ७२.७ टक्के होती, देशाची ६४.८. तिथे धर्म आणि शाळा हातात हात घालून आल्या.

खडूफळा
माळकरी, तुमच्या वडिलांच्या रडण्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. माझी आजीही वारीला जायची. पण बाबासाहेब आधी अनेक धर्म अभ्यासत राहिले, येवल्याच्या १९३५ च्या धर्मांतराच्या घोषणेनंतर एकवीस वर्षांनी त्यांनी पाऊल टाकलं. तपासून निवडणं हेच तर शिक्षण. माझ्या चौथीतल्या मुलीला निवडायला कोणी दिलं होतं? उपकेंद्रदादा, तुमची गाडी आली तरी तिची मान सरळ झाली नसती. जट हा साप नव्हे.

कोरडवाहू
ताई, जटेचं मान्य. ते माझ्या हिशेबात बसत नाही. तिथे आईची भीती होती, पण भोगत होती पोर, आणि त्या भीतीचं उत्तर समजावूनच मिळालं.

बोअरच्या बाबतीत मात्र मी माझ्या जागेवर आहे. पुढच्या वेळी आधी भूजल सर्वेक्षणवाल्यांना बोलावणार. नारळ आईने फोडायचा म्हटलं तर फोडू देईन. भाऊ बूट काढेलच.

एक विचारू? ती मुलगी आता कितवीला आहे?

खडूफळा
दहावीला. गणितात चांगली आहे. दर मंगळवारी आईबरोबर देवीला जाते, दोन वेण्या घालून.