मदत हवी आहे: विद्यापीठाच्या इन्क्युबेशन सेंटरमधील स्टार्टअपचा पर्यावरणीय हिशेब कसा मांडावा?

नमस्कार,

एका विद्यापीठाच्या इन्क्युबेशन सेंटरमध्ये मी हिशेबाचे काम पाहतो. आमच्याकडे बगॅसच्या, म्हणजे उसाचा रस काढून उरलेल्या चिपाडाच्या, लगद्यापासून ताटल्या आणि वाट्या तयार करणारा एक स्टार्टअप आहे. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिक ताटल्यांवर बंदी आल्यानंतर त्यांच्या मालाला मागणी बरी आहे. परंतु ज्या सूचिबद्ध कंपनीच्या कँटीनला ते माल देतात, तिने आता शेअर बाजार नियामक सेबीच्या बीआरएसआर, म्हणजे कंपनीची सामाजिक-पर्यावरणीय जबाबदारी मांडणाऱ्या, अहवालासाठी वीज, पाणी, कचरा व उत्सर्जन यांचे आकडे मागितले आहेत.

अडचण अशी की, विद्यापीठ त्यांना वीज-पाण्यासह जागा नाममात्र भाड्याने देते आणि संपूर्ण आवाराला उच्चदाबाचा एकच मीटर आहे. त्यामुळे त्यांच्या नफा-तोटा पत्रकात विजेचा खर्च दिसतच नाही. शिवाय ताटल्यांच्या कडा कापल्यावर उरणारी कातरण पुन्हा लगद्यात जाते, म्हणून संस्थापक ‘आमचा कचरा शून्य’ असे सांगतात. मला हे पटत नाही, कारण ती कातरण गरम प्रेसमध्ये एकदा वाळलेली असते आणि तिच्यातले पाणी उडवायला लागलेली वीज काही परत मिळत नाही. आयएसओ १४०५१ या आंतरराष्ट्रीय मानकातील, वाया गेलेल्या मालावरही खर्च मांडणाऱ्या पद्धतीनुसार तो खर्च कातरणीवरच टाकायला हवा, असे मी समजतो. चार माणसांच्या उद्योगाला हे झेपेल का? आणि फुकटची वीज कोणत्या दराने धरावी?

प्रतिसाद:

तुमची समजूत बरोबर आहे. मोठी प्रणाली उभारण्याच्या फंदात पडू नका. आधी प्रेसला आणि लगद्याच्या यंत्राला सब-मीटर बसवून घ्या. दर विद्यापीठाच्या बिलातील सरासरी दराप्रमाणे धरा, मात्र ही रक्कम वैधानिक हिशेबवहीत न घेता वेगळ्या व्यवस्थापकीय पत्रकात ठेवा. बिल कोणीही भरो, वापरलेली वीज त्या स्टार्टअपच्याच स्कोप २ मध्ये, म्हणजे बाहेरून घेतलेल्या विजेमुळे होणाऱ्या उत्सर्जनात, येते. युनिटांना केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या त्या वर्षीच्या ग्रिड उत्सर्जन गुणांकाने (एका युनिटमागे होणारे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन) गुणावे.

कातरणीसाठी वजनाचे प्रमाण पुरेसे आहे. समजा, प्रेसमधून निघालेल्या १०० किलोंपैकी १२ किलो कातरण असेल, तर तिथपर्यंतच्या वीज, मजुरी व मालाचा १२ टक्के खर्च तिच्या नावावर टाका आणि लगदा म्हणून परत मिळणारी किंमत त्यातून वजा करा. सदोष ताटल्या मात्र कातरणीत मिसळून तोलू नका. कातरण साचा बदलल्याने घटते, सदोष माल प्रेसचे तापमान आणि दाब सांभाळल्याने.