केळीच्या गाड्या, हायवेचा धूर आणि डिझेल : खान्देशचा माल रेल्वेनेच जायला पाहिजे का?

हायवेकाठची, शिरपूर
आमचं घर मुंबई-आग्रा हायवेपासून शंभर पावलांवर. परवा आईने गच्चीवर बिबडे टाकले, म्हणजे ज्वारीचे पापड, पहाटे उठून घाटा शिजवून, आणि संध्याकाळी काढायला गेली तर वरून सगळे करडे पडलेले, बोट फिरवलं तर बोटाला तेलकट काळं लागतं पण बिबड्यावरचं जात नाही, कारण ओला असताना बसलेली काजळी त्याच्यातच वाळते. अर्धी जुडी फेकून दिली. हीच हवा माझा चार वर्षांचा भाचा रात्रभर घेतो.
देशातला साधारण ७० टक्के माल रस्त्याने जातो. एकूण वाहनांत ट्रक फक्त ३ टक्क्यांच्या आसपास, पण नीती आयोगाच्या अहवालात वाहनांच्या धुरातल्या बारीक कणांपैकी निम्म्याहून जास्त ट्रकच्या नावावर आहेत. माझं म्हणणं स्पष्ट आहे, लांबचा माल रेल्वेवर टाका आणि जुने ट्रक रस्त्यावरून काढा.

बारा टायर, धुळे
ताई, आईंच्या मेहनतीचं वाईट वाटलं, खरंच. पण ट्रकवाल्याला गुन्हेगार करू नका. डिझेल आम्हाला कोणी फुकट देत नाही, भाड्यातले निम्म्याच्या वर पैसे टाकीतच जातात, भरलेली गाडी सपाटीला लिटरमागे साडेतीन किलोमीटरचं ॲव्हरेज देते आणि मध्य प्रदेशच्या हद्दीवरचा बिजासन घाट चढताना काटा डोळ्यादेखत खाली येतो, मग डिझेल वाया घालवून आमचा काय फायदा? १ एप्रिल २०२० नंतरच्या गाड्या बीएस-६ आहेत, म्हणजे धुराच्या कडक नियमाच्या, त्यात युरियाचं पाणी वेगळं भरावं लागतं, काजळीचा फिल्टर असतो. काळा धूर सोडतात त्या जुन्या गाड्या, आणि जुनी गाडी असते एका गाडीच्या मालकाची, ज्याचा तोच ड्रायव्हर. ती काढून घेतली तर तो खाणार काय, हे पण सांगा.

कांदेबाग, रावेर
रेल्वेचं आम्हाला कोणी शिकवू नये भो. सावदा, रावेर स्टेशनवरून केळी दिल्लीला रेल्वेनेच जायची, आमच्या वडिलांनी वॅगन भरलेल्या आहेत. ७ ऑगस्ट २०२० ला देवळाली-दानापूर किसान रेल सुरू झाली, भाड्यात ५० टक्के सवलत होती तोवर परवडलं, मग सवलत गेली. आणि केळी म्हणजे काय सिमेंटची गोणी नाही, बाग कापली की घड थांबत नाही. ट्रक बांधावर येतो, एकदा भरला की थेट मंडीत उघडतो. रेल्वेला बांधावरून छोट्या गाडीत, मग स्टेशनवर, मग डब्यात, तिकडे परत उतरवा, प्रत्येक वेळी फणी घासते, साल काळी पडते आणि कटती, म्हणजे खराब मालाची वजावट, कोणाच्या पट्टीतून (विक्रीच्या हिशोबातून) जाते? माझ्या.

रेल्वे कॉलनी, भुसावळ
कांदेबाग भाऊंचा मुद्दा खरा आहे, पण तो लोडिंगच्या सोयीचा मुद्दा आहे, आणि सोय करता येते. आता डिझेलचा हिशोब बघा. रावेर ते दिल्ली अकराशे किलोमीटर धरा, साडेतीनच्या ॲव्हरेजने तीनशे-सव्वातीनशे लिटर लागलं. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो (लिटरभर डिझेलचं वजन किलोपेक्षा कमी, मग एवढा कुठून? तर त्यातला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो). म्हणजे एका खेपेला आठशे-साडेआठशे किलो, फक्त जाताना. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरतं तेव्हा घर्षण रबरी टायरच्या मानाने खूपच कमी, म्हणून तेवढाच माल ओढायला रेल्वेला फार कमी ऊर्जा लागते, हे यार्डात उभं राहिलं की डोळ्याने दिसतं, आख्खी मालगाडी इंजिन बंद असताना उतारावर आपोआप सरकायला लागते. रेल्वे विजेवर चालते, तर कोणी म्हणेल ती वीज आमच्या दीपनगरच्या वीज केंद्रातल्या कोळशाचीच ना, हो, बरीचशी कोळशाचीच, तरी टनामागे रेल्वे सरस ठरते, आणि साक्रीकडे पवनचक्क्या, सोलर वाढतील तशी वीज सुधारेल, डिझेल काही सुधारणार नाही. मनमाड-इंदूर ३०९ किलोमीटर लाइन २०२४ मध्ये मंजूर झाली, धुळे-शिरपूरवरून जाणार. मागणी आत्ताच लावून धरा की त्या स्टेशनांवर शेतमालाचे शेड आणि थंड डबे पाहिजेत, नाहीतर नुसत्या प्रवासी गाड्या बघत बसू.

सातपुड्याचा, शहादा
एक गोष्ट सगळे एकत्र करताय. ताईंच्या बिबड्यावर बसते ती काजळी, आणि हवामान बिघडवतो तो कार्बन डायऑक्साइड. बीएस-६ ने काजळी खूप कमी होते पण डिझेल तेवढंच जळलं तर कार्बन तेवढाच निघणार. म्हणून जुन्या गाड्या काढल्या की ताईंची गच्ची वाचेल, पण हवामानाचं काम त्याने होत नाही, त्याला माल कमी डिझेलवर नेला पाहिजे किंवा डिझेलशिवाय.

बारा टायर, धुळे
डिझेलशिवाय कसं? इलेक्ट्रिक ट्रकला २०२५ मध्ये सरकारने ९.६ लाखांपर्यंत मदत जाहीर केली, त्यासाठी जुना ट्रक भंगारात द्यायचा. मदत चांगली आहे, पण मोठी गाडी कोटीच्या घरात जाते आणि हप्ता मला भरायचाय. ठरलेल्या सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या फेऱ्यांना, एमआयडीसी ते गोदाम, तिथे चालेल, ते मी मान्य करतो. दिल्लीला केळी घेऊन नाही.
खरं डिझेल कुठे जातं ते कोणी बोलत नाही. मंडीत नंबर लागेपर्यंत गाडी उभी, उन्हाळ्यात केबिनमध्ये बसवत नाही म्हणून एसीसाठी इंजिन चालू, तासाला दोन-अडीच लिटर गेलं. परतीचं भाडं नाही मिळालं तर रिकामी गाडी साडेपाचच्या ॲव्हरेजने अकराशे किलोमीटर आणा, दोनशे लिटर, आणि आणलं काय तर नुसती ताडपत्री. परतीचा माल वेळेवर मिळायची सोय करा, हे डिझेल उद्यापासून वाचेल, नवीन लाइनची वाट बघायची गरज नाही.

हायवेकाठची, शिरपूर
जुने ट्रक सरसकट काढा म्हणाले ते मागे घेते, एका गाडीच्या मालकाला आधी पैसे आणि मगच भंगार, असं पाहिजे. रेल्वेचं मागे घेत नाही, शेडची मागणी मी आमच्या ग्रामपंचायतीच्या ठरावात घालायला लावणार आहे. पण भाऊ, तुम्ही उभ्या गाडीचं बोललात म्हणून सांगते, आमच्या गच्चीच्या बरोबर समोर ढाबा आहे, रात्री पंधरा-वीस गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या असतात. तेवढं तरी थांबेल का?

बारा टायर, धुळे
ढाबा टोलच्या अलीकडे का पलीकडे ते कळवा. माझ्या दोन गाड्या त्या पट्ट्यातच जेवायला थांबतात, ड्रायव्हरला आज सांगतो. ढाबेवाल्याने झोपायला पंख्याखाली खाटा टाकल्या तर बाकीचे पण इंजिन बंद करतील, त्याच्याशी बोलायला मी येतो.