मदत हवी आहे: राहतो ह्यूस्टनला, शिकारीचा कॅम्प १०,५०० फुटांवर. तयारी कशी करू?

मंडळी,

वय ४६, मुक्काम ह्यूस्टन, समुद्रसपाटीपासून जेमतेम ५० फूट. यंदा कोलोरॅडोत एल्कचा (एल्क म्हणजे मोठं हरीण) टॅग, म्हणजे एक जनावर मारायचा परवाना, ड्रॉमध्ये (सोडतीत) लागलाय. ऑक्टोबरच्या मध्यातला पहिला रायफल सीझन (रायफलने शिकार करायची ठरलेली मुदत), म्हणजे हातात मोजून पाच दिवस. (शिकार योग्य की अयोग्य यावर इथे वाद नको, ही विनंती. भारतात १९७२ च्या कायद्याने ती बंद झाली आणि ते मला मान्य आहे. इथे परवाने मोजून देतात आणि मारलेल्या जनावराचं मांस वाया घालवणं हा गुन्हा आहे.)

गेल्या वर्षी टॅग मित्राचा होता, मी सोबतीला गेलो होतो. सकाळच्या विमानाने डेन्व्हर, तिथून गाडीने तडक कॅम्प, रात्री तिथेच झोपलो. पहाटे डोकं इतकं ठणकत होतं की बुटाची नाडी बांधायला वाकलो तर डोळ्यांपुढे अंधारी आली. शेगडीवर उकळणाऱ्या कॉफीचा वास सोसवेना. दुपारपर्यंत दोन उलट्या. मित्राने काही न बोलता रायफल गाडीत ठेवली आणि मला ८,००० फुटांवरच्या गावात उतरवलं. संध्याकाळी मला भूक लागली, पण त्याचे दोन दिवस गेले ते गेलेच. टॅग कोराच राहिला. त्याने एका शब्दानेही बोलून दाखवलं नाही, म्हणून ते जास्त लागलंय.

आणि तेव्हा मी नियमित अर्धमॅरेथॉन पळत होतो! नंतर डॉक्टरांनी सांगितलं की दमसास चांगला असला म्हणून उंचीचा त्रास चुकत नाही. १०,००० फुटांवर हवेचा दाब इथल्या सुमारे ७० टक्केच असतो, त्याच प्रमाणात दर श्वासाला प्राणवायू कमी. श्वासाची गती जुळायला काही दिवस लागतात, रक्तातल्या तांबड्या पेशी वाढायला काही आठवडे. व्यायामशाळेत तोंडाला मास्क लावून पळतात, त्याचाही उपयोग नाही. श्वास घ्यायला जोर लागतो इतकंच, हवा तीच असते.

तरी पाय तयार हवेतच. एल्क पडला की खरं काम सुरू होतं. हाडं काढूनसुद्धा ८०-९० किलो मांस भरतं, ते दोघांनी खेपा करून, ऊन चढायच्या आत खाली आणायचं. म्हणून ऑफिसची सात मजली पार्किंगची इमारत धरलीय. पाठीवर २० पौंडांची तांदळाची पिशवी, तिच्यावर टॉवेल गुंडाळलेला, नाहीतर ती सॅकमध्ये कंबरेपाशी घसरते. दहा फेऱ्या केल्या तरी चढ भरतो जेमतेम २०० मीटर. कॉलेजात असताना दर रविवारी सिंहगड व्हायचा, त्याची आता फार आठवण येते. दर दोन आठवड्यांनी वजन पाच पौंडांनी वाढवतोय, ५० पर्यंत न्यायचंय.

आता अडलंय ते असं. उतरताना मांड्या थरथरतात आणि गुडघ्याची वाटी दुखते. वर मांस घेऊन उतरायचंच आहे, आणि इथे सपाट गावात लांबलचक उतार नाही. पायरीवरून एकेक पाय सावकाश खाली टेकवायचा व्यायाम सुरू केलाय. तेवढा पुरतो का? कोणी याहून चांगलं काही केलंय का?

दुसरं, रजेचं. जास्तीचे तीनच दिवस मिळताहेत. दोन रात्री डेन्व्हरला (५,२८० फूट) आणि एक ८,००० वर काढू, की सरळ तिन्ही रात्री ८,००० वरच? घरी तंबू लावून कमी प्राणवायूत झोपायची सोय भाड्याने मिळते, पण पैसे बरेच आहेत. वापरलेल्यांनी खरं खरं सांगा.

डॉक्टरांनी उंचीचा त्रास टाळायला डायमॉक्सची गोळी, १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, वर जायच्या आदल्या दिवसापासून लिहून दिलंय. सल्फाची ॲलर्जी नाही, हे त्यांनी आधीच विचारून घेतलं. बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावं लागतं म्हणे. गोळी घेऊन पाठीवर ओझं वाहिलंय असं कोणी आहे का? पाणी किती प्यायचात?

आणि खाण्याचं. वर भूक मरते, हे अनुभवलंय. चिक्की आणि दशम्या नेणार आहे, गरम पाण्यात कालवायला मेतकूट-भाताचं कोरडं मिश्रणही. लडाखला किंवा हिमालयात जाऊन आलेल्यांनीही सांगा, तिथे घशाखाली काय उतरलं?