शित्झूच्या पिल्लाला पहिल्यांदा ग्रूमरकडे न्यायचंय, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी नेऊ की नंतर?

भुसावळची_ताई

नमस्कार मंडळी. आमच्याकडे शित्झू जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आलंय, नाव टिल्लू, नुकतेच तीन महिने पूर्ण झाले. मिस्टर रेल्वेत, त्यांच्या ड्युटीचा काही नेम नाही, त्यामुळे टिल्लूचं सगळं माझ्याकडे आणि सासूबाईंकडे. विषय असा की आखाजीला दोन्ही नणंदा लेकरांसकट येणार आणि याचा अवतार बघा, डोळ्यांवर केस, कानामागे गुंते, हनुवटीला दूधभात वाळलेला, वास पण येऊन राहिला. जळगावला एक ग्रूमिंगवाला सापडला, फोन केला तर म्हणे फुल पॅकेज करून टाका, अंघोळ कटिंग नखं कान सगळं, तीन तास सोडून जा आणि संध्याकाळी घेऊन जा. तीन तास म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. लशीची इंजेक्शनं दोन झालीत, पपी डीपी म्हणजे पिल्लांची पहिली लस आणि एक नाईन इन वन म्हणजे बऱ्याच रोगांची एकत्र लस, पुढचं आखाजी झाल्यावर आहे.

सासूबाई म्हणतात रिठे-शिकेकाईने धू आणि मोकळी हो, कुत्र्याला कसलं पार्लर. मिस्टर म्हणतात ऊन बघ किती आहे, पार तुळतुळीत करून आण. आता ऐकू कोणाचं? आणि ड्रायरला घाबरला तर काय करायचं, इथे चटणीला मिक्सर लावला तरी हा दिवाणाखाली जाऊन बसतो.

धुळ्याचा_भो

ताई पहिलं तर तीन तास बिलकुल सोडू नका. एवढ्याशा पिल्लाला पहिल्याच वेळी फुल पॅकेज कोण करतं, त्याला त्या जागेची, टेबलाची, आवाजाची ओळखच नाही अजून. माझ्याकडे गोल्डन रिट्रीव्हर आहे, त्याची पहिली वेळ फक्त अंघोळ आणि थोडं ब्लोअर एवढीच केली होती, नखं सुद्धा दोनच पाय झाले, बाकीचे दोन राहू द्या म्हटलं पुढच्या वेळी. आता तो दुकान दिसलं की मलाच ओढत नेतो.

आणि मिस्टरांना सांगा तुळतुळीत नको. केस बारीक करणं वेगळं आणि वस्तरा मारल्यासारखं करणं वेगळं. कातडी उघडी पडली की आपल्या भागातलं ऊन थेट लागतं, पार भाजून निघतं.

तापीकाठचे_आबा

काय भो, लय लाड. आमच्याकडे कुत्रं खळ्यात राहायचं, पावसाळ्यात पावसाने धुवायचं आणि उन्हाळ्यात पाटाच्या पाण्यात स्वतःच लोळायचं. त्याला कोणी नखं कापली नाहीत का कान साफ केले नाहीत, चौदा वर्षं जगलं. आता नातवाने पॉमेरियन आणलाय, त्याला मी दर उन्हाळ्यात न्हाव्याच्या मशीनने सफाचट करतो, मस्त पंख्याखाली पडून राहतो. गोचीड झाले तर गोठ्यातलं औषध आहेच. पार्लरला पैसे घालण्यापेक्षा आखाजीला दोन डझन आंबे आणा, नणंदा खूश होतील.

गोठा_ते_दवाखाना

आबा, राम राम. खळ्यातल्या कुत्र्याचं तुमचं म्हणणं मान्य, गावठी कुत्र्याचे केस आखूड, तो दिवसभर मातीत पळतो त्यामुळे नखं आपोआप झिजतात, त्याला पार्लरचं खरंच काम नाही. पण शित्झू, ल्हासा, पूडल यांचे केस आपल्या डोक्यासारखे वाढतच राहतात, नाही कापले तर जटा होतात आणि जटेखाली कातडी ओली राहून कुजते. हे लाड नाहीत.

पॉमेरियनचं मात्र उलटं. त्याला दोन थर असतात, वर लांब केस आणि आत लोकर. ती लोकर थंडीत ऊब धरते तशी उन्हाची धग पण अडवते. विंचरून मेलेले केस काढले की हवा खेळते, तेवढंच पुरतं. मशीनने खालपर्यंत उडवलं तर काही कुत्र्यांचे केस परत नीट येतच नाहीत, चट्टे राहतात. तुमच्या पॉमचे येत असतील तर नशीब चांगलं, पण या वर्षी राहू द्या.

आणि हात जोडून सांगतो, गोठ्यातलं गोचिडाचं औषध कुत्र्याला लावू नका, पिल्लाला तर नाहीच नाही. बैल चारशे किलोचा, पिल्लू दोन किलोचं, तेच पाणी अंदाजाने कालवून चोपडायचं आणि वरून ते अंग चाटतं. मंग लाळ गळते, लडखडतं, पिल्लू थंड पडतं, अशी पिल्लं लोक टोपलीत घालून आणतात आमच्याकडे. कुत्र्याचं औषध वेगळं मिळतं, वजन आणि वय बघून डॉक्टर देतात. मानेवर टाकायचे थेंब दिले असतील तर त्याच्या आधी आणि नंतर दोन दोन दिवस अंघोळ नको, नाहीतर औषध फुकट जातं. ग्रूमरला पण हे आधी सांगायचं.

आता ताई, तुमचा खरा प्रश्न. आखाजीच्या आधी नेऊ नका. कारण पार्व्हो, म्हणजे पिल्लांना उलट्या-जुलाब लावून जीव घेणारा विषाणू. आईच्या दुधातून आलेली ताकद पिल्लाच्या रक्तात काही आठवडे टिकते आणि तोवर ती लशीलाच चालू देत नाही, ती नेमकी कधी संपेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून तर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने परत परत डोस देतात, आणि शेवटचा डोस 16 आठवड्यांचं झाल्यावर किंवा त्यानंतर पडला पाहिजे. तुमचे दोन झालेत म्हणजे अर्धीच वाट झाली. ग्रूमरच्या टेबलावर दिवसभरात दहा कुत्री चढणार, त्यातलं एखादं आजारी असलं तर तो विषाणू तिथे महिनोन् महिने राहू शकतो. फिनाईलच्या पोछ्याने तो मरत नाही, ब्लीच लागतं, साधारण एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी आणि दहा मिनिटं तसंच ठेवायचं. फोन केला की हाच प्रश्न विचारा, टेबल आणि टब कशाने धुता? फिनाईल म्हणाला की कळून जाईल तुम्हाला.

शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे जाऊ द्या आणि मंग खुशाल न्या. रेबीजचं तीन महिने पूर्ण झाल्यावर देतात, तेही याच डॉक्टरांना विचारून घेऊन टाका.

भुसावळची_ताई

बापरे, हे कोणी सांगितलंच नव्हतं, तो फोनवाला तर लशींचं कार्ड आणा असं पण म्हटला नाही. म्हणजे आता आखाजीला हा असाच राहणार का? घरी धुतलं तर चालेल ना? सासूबाईंचे रिठे?

कात्रीवाला_जळगाव

ताई मी हेच काम करतो, दुकानाचं नाव टाकत नाही, इथे जाहिरात केली की ॲडमिन उडवतात. जो कार्ड मागत नाही त्याच्याकडे जाऊच नका, कारण तो दुसऱ्यांकडूनही मागत नसणार.

घरी धुवा की, बिनधास्त. फक्त रिठे नको, शित्झूचे डोळे बाहेर आलेले असतात, रिठ्याचा फेस गेला तर जखम होते. आपला शाम्पू पण नको, माणसाच्या कातडीला चालतो तो कुत्र्याला कोरडा पडतो, पपी शाम्पू घ्या. आणि पाणी लावायच्या आधी विंचरायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं, लोक नेमकं उलटं करतात. गुंता ओला झाला की आवळतो आणि मंग तो कापावाच लागतो. स्टीलचा कंगवा घ्या, नुसता वरवरचा ब्रश फिरवला तर वरून कापसासारखं दिसतं आणि खाली चटई तयार असते. केसांची बट मुळाशी चिमटीत धरा म्हणजे कातडी ओढली जात नाही, मंग टोकाकडून थोडं थोडं सोडवत मुळाकडे या. कानामागे, काखेत, पट्ट्याखाली, या तीन जागी हमखास. कानात पाणी जाऊ देऊ नका. टॉवेलने रगडायचं नाही, दाबून दाबून टिपायचं, आणि मुळापर्यंत वाळवायचं. डोळ्यांवरच्या केसांना सध्या छोटं रबर लावून शेंडी बांधा, नणंदांची लेकरं त्यावरच खूश होतील. घरची कात्री डोळ्याजवळ नेऊ नका, पिल्लू कधी मान फिरवेल सांगता येत नाही.

आता आवाजाचं. तुमच्याकडे अजून चार-पाच आठवडे आहेत, हे तर उलट चांगलंच झालं. मिक्सर लावायचा तेव्हा टिल्लू दोन खोल्या लांब असला पाहिजे आणि त्याच क्षणी कोणीतरी त्याला खायला द्यायचं, उकडलेलं चिकन नाहीतर पनीर, आपल्याकडे केळीची काय कमी, नखाएवढा तुकडा केळ्याचा द्या. मिक्सर बंद, खाऊ बंद. तो आवाज ऐकून स्वयंपाकघराकडे बघायला लागला की एक खोली जवळ. घाई करायची नाही, ओढून तर आणायचंच नाही. मिस्टरांचा ट्रिमर असेल तर तो चालू करून उलटी बाजू, म्हणजे पातं नाही, पाठीला टेकवायची आणि खाऊ द्यायचा, ती थरथर त्याला माहिती झाली की माझं अर्धं काम झालं. आणि रोज टीव्ही बघताना पंजे हातात घ्या, बोटं वेगळी करा, कान उलटा करा, हनुवटी धरा. ज्या पिल्लाचे पंजे कोणी कधी धरलेच नाहीत ते नखांच्या वेळी चावणारच, त्यात त्याची काय चूक.

पहिल्या वेळी माझ्याकडे काय होतं तर आधी त्याला दुकानात फिरू देतो, वास घेऊ देतो. मंग कोमट अंघोळ, ब्लोअर कमी स्पीडला आणि पायाकडून सुरू, तोंडावर कधीच नाही. पंज्याखालचे केस, शी-शूच्या जागेचे केस, डोळ्यांच्या कोपऱ्यातले केस, नखांची टोकं. संपलं. स्टाईल कटिंग पुढच्या वेळी. कोणी म्हटलं झोपेचं औषध देऊन करतो, तर पिल्लू उचलायचं आणि घरी यायचं, ते काम डॉक्टरांचं आहे. टेबलावर गळ्याला जो फास असतो त्यात बांधून ग्रूमर फोन घ्यायला गेला तरी तेच करा, पिल्लू उडी मारतं आणि लटकतं. पिंजऱ्यात ठेवून गरम हवा सोडतात काही ठिकाणी, ते शित्झूला अजिबात नको, चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकून अंग थंड करणं तसंही जड जातं.

धुळ्याचा_भो

हे उन्हाचं महत्त्वाचं बोलले दादा. ताई तुम्ही भुसावळहून जळगावला येणार, 25 किलोमीटर का असेना, मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, सकाळची पहिली अपॉइंटमेंट घ्या आणि अकराच्या आत घरी. बाईकवर पिशवीत घालून तर आणूच नका, मी बघितलेत असे लोक हायवेवर. गाडीत एसी असला तरी त्याला गाडीत ठेवून दोन मिनिटं सुद्धा रसवंतीवर उतरायचं नाही. जास्त धापा, चिकट लाळ, हिरड्या लालभडक, चालताना तोल जातोय असं दिसलं तर साधं पाणी अंगावर ओतत, वारा घालत थेट डॉक्टर गाठायचा. बर्फ नको.

तापीकाठचे_आबा

बरं बुवा, पॉमला या वर्षी मशीन नाही लावत, नातू पण तेच सांगून राहिला होता. गोठ्यातल्या औषधाचं पण लक्षात ठेवलं. पण एक विचारतो कात्रीवाले, नखं कापताना रक्त निघतंच ना? आमच्या नातवाने एकदा कापलं तर फरशीभर रक्त, पॉम तेव्हापासून कात्री दिसली की पलंगाखाली.

कात्रीवाला_जळगाव

आबा नखाच्या आत शीर असते, पांढऱ्या नखात गुलाबी दिसते, काळ्या नखात दिसत नाही म्हणून एकदम कापायचंच नाही, चकती चकती काढायची आणि कापल्या जागी मधोमध काळसर ठिपका दिसला की थांबायचं. तरी निघालंच रक्त तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा दोन-तीन मिनिटं, थांबतं. नखं वाढू दिली तर शीर पण लांबते, म्हणून महिन्यातून एकदा थोडी थोडी कापलेली बरी.

भुसावळची_ताई

सगळ्यांचे खूप आभार, सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांना आबांचंच जास्त पटलं पण रिठे परत डब्यात गेले 😄 काल मिक्सरच्या वेळी मोठ्या मुलाने टिल्लूला पुढच्या खोलीत केळं दिलं, दिवाणाखाली गेला नाही, नुसते कान टवकारले. त्या तीन तासवाल्याला नाही कळवलं. शेवटचा डोस झाला की दोन आठवड्यांनी आणते, सकाळचीच वेळ द्या. अजून दोन विचारायचे होते, येताना उपाशी आणायचं का, आणि मी तिथे थांबले तर चालेल? आणि कार्ड हरवायची भीती वाटते, मोबाईलमधला फोटो चालेल ना?

कात्रीवाला_जळगाव

एवढ्या लहान पिल्लाला उपाशी आणू नका, साखर उतरते त्यांची. दोन तास आधी थोडं खाऊ घाला आणि निघताना शू करवून आणा. थांबा की, पण काचेच्या बाहेर, तुम्ही दिसलात की तो टेबलावरून तुमच्याकडे झेपावणार. मध्ये मी बोलवेन खाऊ द्यायला, तो घरचाच आणा, अनोळखी खाऊने पोट बिघडलं तर नाव माझं. मनुके, बेदाणे असलं काही नको त्यात, कुत्र्यांची किडनी जाते त्याने. कार्डाचा फोटो चालतो, फक्त लशीच्या बाटलीचे स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांचा शिक्का वाचता आला पाहिजे.