मित्राचा निराधार योजनेचा अर्ज: मदत कुठवर करावी?

प्रश्न:
माझ्या बालमित्राला सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व असून आई गेल्यापासून तो एकटाच राहतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज भरताना ‘वार्षिक उत्पन्न’ या रकान्याशी तो अडला आणि पेन खाली ठेवून पंख्याकडे पाहत बसला. सगळे मीच भरून टाकावे का? सहीचे काय?

उत्तर 1:
लिहून देण्यास हरकत नाही, मात्र वाचून दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका आणि सही किंवा अंगठा त्याचाच असू द्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्याची कायदेशीर क्षमता इतरांइतकीच मानली आहे; केवळ या अर्जापायी त्याच्या कायदेशीर पालकत्वाच्या मागे लागणे मला तरी अनाठायी वाटते. ‘वार्षिक उत्पन्न’ न म्हणता ‘शेठ दर शनिवारी किती पैसे देतात?’ असे विचारा, बेरीज तुम्ही करा. एका बैठकीत दोन-तीन रकान्यांपेक्षा जास्त नको.

उत्तर 2:
दिव्यांगत्व किमान 40 टक्के असल्याचे प्रमाणपत्र आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधी हाताशी ठेवा. आधार आणि बँकेच्या पासबुकावरील नाव अक्षरन्‌अक्षर ताडून पाहा; माझ्या भावाचा अर्ज एका वेलांटीपायी परत आला आणि त्यात चार महिने गेले.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. शनिवारचा प्रश्न विचारताच त्याने खिशातून घडी घातलेली वही काढली; त्यात दर आठवड्याची रक्कम त्याने स्वतःच लिहून ठेवली होती.