मुलीचा अठरावा वाढदिवस : आपल्याकडे त्यासाठी काही परंपरा आहे का?

इंदिरानगरची आई

सर्वांना नमस्कार. आमची लेक पुढच्या महिन्यात अठरा वर्षांची होत आहे आणि त्या दिवशी नेमके काय करावे याबद्दल आमच्या घरात तीन पिढ्यांची तीन मते आहेत, म्हणून हा प्रश्न येथे मांडत आहे.

बारा वर्षांपूर्वी थोरल्या मुलाची मुंज आम्ही पंचवटीतील एका कार्यालयात केली होती. मातृभोजनासाठी तो माझ्या ताटात जेवायला बसला, शेजारच्या पानांवर आठ बटू बसले आणि सहा वर्षांची लेक माझा पदर धरून मागे उभी राहिली. "माझी मुंज कधी?" असे तिने सगळ्यांसमोर विचारले. "मुलींची नसते गं," एवढेच मी म्हणाले. ते उत्तर मला तेव्हाही पटले नव्हते आणि ती ते अजून विसरलेली नाही.

तिच्या मैत्रिणींचे अठरावे वाढदिवस गंगापूर रोडच्या हॉलमध्ये, फुगे, धूर आणि मोठ्या केकसह झाले. लेकीला तसे नको आहे. "त्या दिवशी काय बदललं ते मला कळलं पाहिजे," असे तिचे म्हणणे आहे. सासूबाईंना वाढदिवस तिथीनेच हवा. माझ्या नणंदबाई, म्हणजे लेकीच्या आत्या, आमच्याकडेच राहतात. नऊ वर्षांपूर्वी यजमान गेल्यापासून औक्षणाच्या वेळी त्या स्वयंपाकघरातून बाहेर येत नाहीत, आणि लेकीची पहिली अट अशी आहे की आत्याने ओवाळलेच पाहिजे. जुन्या परंपरेत मुलीच्या या वयासाठी काही आहे का, आणि नसल्यास नवे काही करताना ते ओढूनताणून आणलेले वाटू नये यासाठी काय करावे, हे जाणकारांनी सांगावे.

पंचवटीकर

ताई, आपल्या परंपरेत अठराव्या वर्षाला वेगळा संस्कार नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. उपनयन आठव्या वर्षाच्या आसपासचे, सोडमुंज विद्या संपवून घरी परतणाऱ्याची, साठाव्या वर्षी षष्ट्यब्दी आणि पुढे सहस्रचंद्रदर्शन. मुलीच्या वाट्याला लग्नापूर्वी स्वतःच्या नावाचे असे फारसे काही आलेच नाही. फार जुन्या काळी ब्रह्मवादिनी, म्हणजे वेदाध्ययन करणाऱ्या, मुलींचे उपनयन होत असे, असा उल्लेख धर्मशास्त्राच्या ग्रंथांत सापडतो, पण ती चाल पुढे टिकली नाही. आपल्या काळात पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने मुलींच्या मुंजी लावल्या, आणि किशोरवयीन मुलामुलींसाठी एकत्र विद्याव्रत संस्कारही सुरू केला, म्हणजे वाट अगदीच बंद नाही.

मात्र दरवर्षीच्या वाढदिवसाचा जो जुना विधी आहे, त्यात मुलगा-मुलगी असा भेद करण्याचे कारणच नाही. सकाळी अभ्यंगस्नान करावे, कुलदेवतेला नमस्कार करावा, मार्कंडेयाचे आणि अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, विभीषण, कृप, परशुराम या सात चिरंजीवांचे स्मरण करावे आणि गूळ-तीळ घातलेले दूध ओंजळीतून प्यावे. माझी आई हे दूध आम्हाला स्वतःच्या ओंजळीतून आमच्या ओंजळीत देत असे. तीळ तळहाताला चिकटून राहत आणि ते चाटून घेतल्याशिवाय ती उठू देत नसे. यात खर्च काहीच नाही, आणि पन्नास-साठ वर्षांनंतरही माणसाला आठवते ते हेच.

तिथीच्या वादाबद्दल एक गणित सांगतो. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, अधिक मासामुळे ते पुन्हा जुळवले जाते आणि १९ वर्षांत बरोबर २३५ चांद्रमास बसतात. त्यामुळे एकोणीस पूर्ण होतात तेव्हा जन्मतिथी आणि जन्मतारीख एकाच दिवशी किंवा एखाद्या दिवसाच्या फरकाने येते. अठराव्याला ती तशी जुळणार नाही, तिथी बहुधा दहा-अकरा दिवस पुढे असेल. सासूबाईंना सांगा, यंदा तिथीला घरचे औक्षण आणि दूध, तारखेला लेकीचा कार्यक्रम, आणि पुढच्या वर्षी दोन्ही बहुतेक एकत्रच येतील.

देवळाली कॅम्प

पंचवटीकर काकांनी लिहिले ते खरे, पण मुलीच्या वयात येण्यासाठी आपल्याकडे काहीच नव्हते असे मला म्हणता येत नाही. न्हाण आले की मुलीला मखरात बसवत, ओटी भरत, गोडधोड होई आणि आळीभर बातमी जाई. माझ्या आजीच्या वेळी तर लग्न आधीच झालेले असे, त्यामुळे त्या सोहळ्याचा अर्थ मुलगी आता सासरी पाठवण्याजोगी झाली, एवढाच होता. माझ्या वेळी मखर नव्हते, पण तेराव्या वर्षी आईने शेजारणींना बोलावून माझी ओटी भरली आणि मी दिवसभर मान खाली घालून बसले होते. कोणाचा हेतू वाईट नव्हता. तरीही माझ्या शरीराची गोष्ट मला न विचारता चारचौघींत गेली, हे शल्य आजही आहे.

म्हणून ताई, तुमची लेक अठरावा दिवस निवडते आहे ही मला फार चांगली गोष्ट वाटते. हे वय तिच्या निर्णयाचे आहे, आणि कोणाला बोलवायचे, काय सांगायचे, काय सांगायचे नाही, हे तिलाच ठरवू द्यावे. आत्यांबद्दलही लिहिते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसेच करण्याचे आवाहन केले. एका गावाने जे ग्रामसभेत बसून ठरवले, ते आपल्या घरातल्या पाटाजवळ ठरवायला आपल्याला अवघड का जावे?

बारा वर्षे ओसाकात

नोकरीनिमित्त जपानमध्ये बारा वर्षे काढून गेल्या वर्षी आम्ही कॉलेज रोडला परत आलो. तिकडे वयात येण्याचा दिवस सगळ्या देशाचा एकच असतो. पूर्वी तो १५ जानेवारीला असे, २००० सालापासून जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी असतो आणि त्या दिवशी सुट्टी असते. नगरपालिका आपल्या हद्दीतील त्या वर्षीच्या सर्व मुलामुलींना सभागृहात बोलावते, भाषणे होतात, मुली लांब बाह्यांचा फुरिसोदे किमोनो घालतात आणि पहाटेपासून केस बांधून घ्यायला रांगा लागतात. १ एप्रिल २०२२ पासून तिथे सज्ञान होण्याचे वय २० वरून १८ झाले, तरी बहुतेक गावांनी सोहळा विसाव्या वर्षीच ठेवला, कारण अठराव्या वर्षी जानेवारीत मुले प्रवेश परीक्षांच्या ऐन धामधुमीत असतात. कायदा बदलला तरी लोकांनी सोय पाहून रीत जपली, हे मला आवडले.

मेक्सिकोतील मुलींचा पंधरावा वाढदिवस आता सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलेला असतो. त्याची सुरुवात चर्चमधल्या प्रार्थनेने होते, वडील मुलीच्या पायातली सपाट चप्पल काढून उंच टाचेची घालतात आणि खर्चाचा भार नातेवाईक व स्नेही वाटून घेतात. पण ताई, तुमच्या उपयोगाची रीत फिलिपिन्सची आहे, कारण तिथे मुलीचा अठरावाच मोठा मानतात. अठरा पुरुष एकेक गुलाब देऊन तिच्याबरोबर नाचतात, आणि अठरा स्त्रिया एकेक मेणबत्ती लावून तिच्याविषयी चार वाक्ये बोलतात. ओसाकातल्या माझ्या एका फिलिपिनो सहकारी बाईंनी सांगितले होते की गुलाब त्यांना आठवत नाहीत, पण कोणत्या मेणबत्तीला कोण काय बोलले ते सगळे आठवते. मेणबत्तीच्या जागी निरांजन ठेवले तर ती रीत आपल्या औक्षणापासून फारशी लांब राहत नाही, असे मला वाटते.

निफाडची बाग

आमच्या घरात मुंजीची रीत नाही, तेव्हा भावाबहिणीत तो फरक आम्ही पाहिला नाही, पण फरक दुसरीकडे होताच. मी अठरा वर्षांचा झालो तेव्हा वडिलांनी द्राक्षबागेच्या गोडी छाटणीच्या, म्हणजे फळासाठीच्या छाटणीच्या, दिवसांत स्वतःची कात्री माझ्या हातात दिली आणि एक ओळ माझ्या हिशेबाने छाटायला सांगितली. किती डोळे ठेवायचे ते त्यांनी सांगितले नाही आणि मागे उभेही राहिले नाहीत. त्या ओळीला त्या हंगामात माल कमी आला, तरी ते काही बोलले नाहीत. बहिणीला अशी ओळ कधी मिळाली नाही. पुढे माझ्या मुलीला मी ती दिली आहे.

एक सावधगिरी कळकळीने सांगतो. पुतण्याच्या वाढदिवसाला कार्यक्रम सांभाळणाऱ्या माणसांनी फेसाचे फवारे वाटले होते. मेणबत्त्या पेटलेल्या असतानाच ते उडवले गेले आणि क्षणात पोराच्या केसांनी पेट घेतला. त्या डब्यांत ज्वलनशील वायू भरलेला असतो. शेजारच्याने अंगावरची शाल टाकली म्हणून कानाच्या पाळीवर निभावले. दिवे लावणार असाल तर ते डबे घरात येऊच देऊ नका.

सातपूरकर

मी बँकेत काम करते, त्यामुळे "त्या दिवशी काय बदललं" या लेकीच्या प्रश्नाचे रोजचे उत्तर माझ्या खिडकीसमोर उभे असते. १८७५ च्या भारतीय सज्ञानता कायद्यानुसार अठरा पूर्ण झाले की माणूस सज्ञान होतो, म्हणजे त्याने केलेला करार त्याचा स्वतःचा असतो. अज्ञान म्हणून उघडलेल्या खात्यावर पालकांची सही चालणे थांबते, मुलीला नव्याने केवायसी आणि स्वतःच्या सहीचा नमुना द्यावा लागतो. लहानपणी काढलेल्या पॅन कार्डावर फोटो आणि सही नसते, ते कार्डही अद्ययावत करून घ्यावे लागते. गिअरच्या गाडीचा परवाना मिळतो. मतदानाचे वय ६१ व्या घटनादुरुस्तीने २१ वरून १८ झाले आणि ही दुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून अमलात आली. पूर्वी यादीत नाव यायला १ जानेवारीची वाट पाहावी लागे, आता १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या तारखाही धरल्या जातात. मतदार नोंदणीचा नमुना ६ चा अर्ज सतरा पूर्ण झाल्यावरच आगाऊ करता येतो, तेव्हा तो आजच भरा.

माझ्यासमोर येणारी पुष्कळ मुले सहीच्या चौकोनात एकाच कागदावर तीन प्रकारे सही करतात, आणि मग आईकडे पाहतात. लेकीला महिनाभर आधी एक कोरी वही द्या आणि तिची सही तिला शोधू द्या. माझ्या मते हे अठराव्याचे सगळ्यात खरे काम आहे.

इंदिरानगरची आई

सर्वांचे मनापासून आभार. कार्यक्रम रविवारी घरीच झाला, म्हणून सविस्तर कळवते.

तारखेला सकाळी लेकीने बाबांबरोबर बँकेत जाऊन सहीचा नमुना दिला. वहीची अकरा पाने तिने भरली होती. शेवटी ठरलेली सही मराठीत आहे, आणि तिच्यात आडनावाआधी माझे नाव आहे, हे मला बँकेचा कागद पाहिल्यावर कळले. तिथीला सासूबाईंनी ओंजळीतून तीळ-गुळाचे दूध दिले. त्यांनाही त्यांच्या लहानपणीचे आठवले, आणि काकांनी लिहिलेली तळहात चाटण्याची गोष्ट त्यांनी न वाचताच सांगितली.

रविवारी संध्याकाळी अठरा जणींची यादी लेकीनेच केली होती. तिच्या बालवाडीच्या बाई होत्या, पोळ्या करायला येणाऱ्या मावशी होत्या, दोन मैत्रिणी होत्या. प्रत्येकीने एक निरांजन लावले आणि तिच्याविषयी एक आठवण सांगितली. मावशी म्हणाल्या, "माझ्या पोरीचा फॉर्म हिनं भरला, नाहीतर तिची अकरावी राहिली असती." हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हते.

शेवटचे, अठरावे निरांजन आत्यांचे होते. त्या स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या, तेव्हा सासूबाई उठल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने आपल्या मुलीला, आत्यांना, तबक दिले. आत्यांनी आधी कुंकू लावले, अक्षता लावल्या, सुपारी आणि अंगठी ओवाळली आणि मग निरांजन. आठवण सांगायला त्यांना शब्द सुचले नाहीत, त्या नुसत्या ओवाळत राहिल्या, आणि कोणी घाई केली नाही. तोवर पहिले निरांजन विझत आले होते. लेक पाटावरून उठली, तुपाची वाटी घेऊन एका टोकापासून सगळ्या फुलवातींना थोडे थोडे तूप घातले आणि पुन्हा येऊन आत्यांसमोर बसली.