‘चिनी चहा आयातदार’ : यात चिनी कोण?

मूळ प्रश्न

लेस ब्लँक आणि जीना लिब्रेक्ट यांचा ‘ऑल इन धिस टी’ (२००७) हा माहितीपट नुकताच पाहिला. सत्तर मिनिटांचाच आहे, पण मनातून जात नाही. घरच्या ग्रुपवर त्याबद्दल लिहिताना मी त्याचे नायक डेव्हिड ली हॉफमन यांचा उल्लेख ‘चिनी चहा आयातदार’ असा केला. लगेच मावशीचा प्रश्न आला, “चिनी माणूस स्वतःच्याच देशातला चहा आयात कसा करेल?” मावशीचं बरोबर आहे. हॉफमन अमेरिकन, कॅलिफोर्नियातले. चिनी आहे तो चहा. मग नीट कसं लिहायचं? शिवाय ‘आयातदार’ म्हटलं की गोदी, कंटेनर आणि कस्टमचे कागद डोळ्यांपुढे येतात. हा गृहस्थ तर सुक्या पत्तीत नाक खुपसून बसलेला दिसतो. त्याला शोभेल असा शब्द हवा आहे.

प्रतिसाद

घोटाळा ‘चिनी’ या विशेषणाचा आहे. ‘जुना पुस्तकविक्रेता’ आणि ‘जुन्या पुस्तकांचा विक्रेता’ यांत आपली गल्लत होत नाही, कारण ‘जुना’चं ‘जुन्या’ होतं आणि म्हातारा कोण ते कळतं. ‘चिनी’ ईकारान्त, ते काही केल्या बदलत नाही. म्हणून निदान ‘चा’ तरी लावाच : ‘चिनी चहाचा आयातदार’. त्याहून सरळ म्हणजे ‘चीनहून चहा आणणारा अमेरिकन व्यापारी’. नामांना नामं जोडून आगगाडी करायची सवय आपल्याला बातम्यांच्या मथळ्यांनी लावली आहे. मराठीला विभक्ती आहे, ती वापरावी.

प्रतिसाद

व्याकरण मान्य, ‘व्यापारी’ मान्य नाही. माहितीपट मीही पाहिला आहे. हॉफमन यांचा सगळा झगडा चालतो तो थेट शेतकऱ्याकडून, हाताने केलेला चहा घेता यावा म्हणून. मोठ्या कारखान्यांतला सरसकट एकत्र केलेला माल त्यांना नको असतो. आपल्याकडे याला तयार शब्दप्रयोग आहे : बांधावरची खरेदी. आडत्या नाही, आडत नाही, माल पाहायला घेणारा स्वतः शेतावर. मी कांदापट्ट्यातला आहे. बांधावर येऊन कांदा हातात घेणारा आणि मार्केट यार्डात ढिगावर नुसती नजर टाकून भाव बोलणारा, यांतला फरक मला कुणी सांगायला नको. आणि हॉफमन गांडूळखताबद्दल, जमिनीबद्दल किती जीव तोडून बोलतात! अशा माणसाला मी पारखी म्हणेन. रत्नपारखी जसा, तसा चहाचा पारखी. ‘चहातज्ज्ञ’ नको, त्याला प्रमाणपत्राचा वास येतो. पारख नाकाला आणि जिभेला असते.

प्रतिसाद

‘पारखी’ फार आवडला. पण चिनी चहावर मराठीत लिहायचं तर आणखी एक खड्डा आहे, ‘काळा चहा’. आपल्याकडे काळा चहा म्हणजे कोरा, बिनदुधाचा. इंग्रजीत काळा म्हणतात तो पूर्ण ऑक्सिडीकरण झालेल्या, म्हणजे हवा लागून काळवंडलेल्या पत्तीचा, आपल्या रोजच्या पावडरीचा चहा. चिनी लोक त्यालाच ‘होंगचा’, म्हणजे लाल चहा म्हणतात. ते पाहतात कपातल्या पाण्याचा रंग, इंग्रज पाहतात सुक्या पत्तीचा. आणि चिनीतला ‘हेइचा’, शब्दशः काळा चहा, हा तिसराच : रचून आंबवलेला. चीनच्या युन्नान प्रांतातला मुरवलेला पुएर चहा त्याच घरातला. एका नावाखाली तीन वस्तू! अनुवाद करताना ‘काळा चहा’ दिसला की आधी मूळ भाषा कोणती ते विचारा.

पुएरचं निघालंच आहे तर, तो दाबून गोल चकत्या करतात. प्रचलित चकती ३५७ ग्रॅमची आणि सात चकत्यांची एक चवड, म्हणजे जवळजवळ अडीच किलो. मराठीत कुणी त्याला ‘केक’ लिहितं, कुणी ‘ढेप’. ढेप गुळाची, जाड आणि ओबडधोबड. चिनी शब्द आहे ‘बिंग’, आणि तो चपट्या, गोल पोळी-भाकरीसाठीही वापरतात. मग ‘चहाची भाकरी’ का नाही? भाकरीची चवडच असते, आणि तुकडाही मोडूनच घ्यायचा.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. वाक्य बदललं : ‘चीनमध्ये बांधावर जाऊन चहा घेणारा अमेरिकन पारखी’. मावशीला पटलं. आता एकच अडचण. हॉफमन चहा करतात त्याला क्रियापद कोणतं? आपण चहा ‘टाकतो’, ‘ठेवतो’, ‘उकळतो’. ते तर पत्तीवर गरम पाणी ओततात आणि थांबतात. ‘भिजवणे’ लिहिलं तर साबुदाणा आठवतो.

प्रतिसाद

मुरवणे. लोणच्यामुळे हे क्रियापद फार दिवसांचं वाटतं, पण चहालाही चालतं. आमची आजी किटलीत पत्ती घालून वरून आधणाचं पाणी ओतायची, टिकोजी चढवायची आणि कुणी घाई केली की म्हणायची, “थांब, मुरू दे.” रंग पाण्यात ‘उतरला’ की गाळायचा. मुरणं पत्तीचं, उतरणं रंगाचं. दोन्ही क्रियापदं घरातलीच आहेत, ‘स्टीप करणे’ लिहायची गरज नाही.